एचएस कोड वेगळा आहे म्हणून माल अँटी-डंपिंगमधून सुटतो का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. कुपवाड एमआयडीसीत तुमचं छोटं युनिट आहे. एक रसायन तुम्ही चीनहून थेट मागवता, महिन्याला एखाददुसरा कंटेनर. त्या रसायनावर नुकतीच अँटी-डंपिंग चौकशी सुरू झाली, म्हणजे बाहेरचा माल फार स्वस्तात ओतला जातोय आणि त्याने देशी उत्पादकांना हानी होतेय का, याची तपासणी; तसं ठरलं तर जादा ड्यूटी लागते. तुमचा सीएचए (कस्टम्समधून माल सोडवणारा एजंट) म्हणतो, "नोटिशीतला आठ आकडी एचएस कोड आपला नाही, आपण दुसऱ्या कोडखाली क्लिअर करतो, निवांत राहा." शिवाय तुमचा ग्रेड बारीक पुडीचा आणि कमी लोहाचा. देशी कंपनी दाणेदार माल विकते, तो वापरला तर तुमच्या तयार मालाला पिवळट झाक येते. मग आपण चौकशीबाहेर आहोत ना, आणि नसलो तर बाहेर कसं पडायचं?

रसायनाचं नाव दिलं नाहीत ते बरं केलंत. चालू प्रकरणात आपली बाजू सगळ्यांसमोर उघडी करण्यात काही हशील नाही. मी मूळचा केमिकल इंजिनिअर, हल्ली साताऱ्यात बसून याच कामात असतो. चौकशीसाठी अर्ज करणाऱ्या देशी उत्पादकांच्या बाजूनेही बसलोय आणि माल वापरणाऱ्यांच्या बाजूनेही, त्यामुळे समोरचा काय विचार करतो हेही थोडं सांगता येईल.

आधी सीएचएचं म्हणणं. ते चुकीचं आहे, आणि त्याच्यावर विसंबून राहिलात तर महागात पडेल. डीजीटीआरच्या (ही चौकशी करणारी केंद्र सरकारची यंत्रणा) बहुतेक प्रत्येक नोटिशीत, उत्पादनाचं वर्णन संपलं की एक ठरलेलं वाक्य असतं: सीमाशुल्क वर्गीकरण, म्हणजेच एचएस कोड, केवळ सूचक आहे, चौकशीच्या व्याप्तीवर ते बंधनकारक नाही. म्हणजे चौकशी कोडची नसते, वर्णनाची असते. या वर्णन केलेल्या मालाला आमच्याकडे पीयूसी म्हणतात. वर्णनात तुमचा माल बसत असेल तर तो कुठल्याही कोडखाली येवो, तो आतच. उलट कोड जुळतोय पण वर्णनात बसत नाही, असा माल बाहेर. कोड लिहितात तो आयातीची आकडेवारी काढायला आणि पुढे बंदरावर माल ओळखायला सोपं जावं म्हणून.

रसायनांत तर हा घोळ जास्त होतो, कारण एकच पदार्थ वेगवेगळ्या नावा-नंबरांनी फिरत असतो. सायट्रिक ॲसिड घ्या. निर्जल सायट्रिक ॲसिडचा कॅस नंबर (रसायनाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक) 77-92-9, मोनोहायड्रेटचा 5949-29-1. सीमाशुल्काच्या यादीत ॲसिड 2918 14 मध्ये, त्याचे क्षार 2918 15 मध्ये. वर्णनात 'सायट्रिक ॲसिड, सर्व स्वरूपांत' एवढंच लिहिलं आणि कंसात एकच कॅस नंबर दिला, तर दुसऱ्या नंबरचा माल आणणारा म्हणेल, मी बाहेर. त्याचं हे म्हणणं टिकेलच असं नाही, 'सर्व स्वरूपांत' हे शब्द त्याला आत ओढतात. म्हणून नोटीस वाचताना कोडचा रकाना शेवटी बघा. आधी वर्णनाचा परिच्छेद शब्द-शब्द वाचा: 'सर्व ग्रेड', 'सर्व स्वरूपं', 'अमुक टक्क्यांपेक्षा जास्त शुद्धतेचा', 'द्रावणासह', 'मिश्रणं वगळून' असं काय काय आहे ते. आणि तुम्ही ज्या कोडखाली आज क्लिअर करताय तोच मुळात चुकीचा निघाला, तर अँटी-डंपिंग बाजूलाच राहील, कस्टम्स कायद्याच्या कलम 28 खाली फरकाची मागणी येईल. जाणूनबुजून चुकीची माहिती दिल्याचा आरोप असेल तर पाच वर्षं मागे जाता येतं. तेव्हा 'आपला कोड वेगळा' हे वाक्य कुठल्याही पत्रात लिहिण्यापूर्वी तो कोड बरोबर आहे ना, हे एकदा तपासून घ्या.

तर तुमच्या एका प्रश्नात खरे दोन प्रश्न आहेत. माल वर्णनाच्या शब्दांत येतो का, हा पहिला. त्याचं उत्तर नोटीस वाचून पाच मिनिटांत मिळतं, आणि तुम्ही सांगताय त्यावरून ते 'हो, येतो' असंच दिसतंय. दुसरा प्रश्न खरा मेहनतीचा: शब्दांत येत असूनही तो वगळला जावा, यासाठी तुमच्याकडे काय आहे?

इथे एक गैरसमज आधी दूर करायला हवा. बरेच जण म्हणतात, 'अर्जदाराने एवढे सगळे ग्रेड एकाच उत्पादनात कोंबले, हे बेकायदा आहे.' तसं नाही. जागतिक व्यापार संघटनेच्या करारात पीयूसी किती रुंद असावा यावर बंधन नाही. नॉर्वेच्या सामन माशांवर युरोपीय समुदायाने लावलेल्या ड्यूटीच्या वादात नॉर्वेने हाच मुद्दा मांडला होता: अख्खा मासा, डोकं काढलेला, फिले, हे सगळं एक उत्पादन कसं? 2007 च्या पॅनेल अहवालात तो फेटाळला गेला. चौकशीतल्या उत्पादनाचे सगळे प्रकार एकमेकांसारखे असलेच पाहिजेत अशी अट करारात नाही, असं पॅनेलचं म्हणणं पडलं. त्यामुळे 'स्कोप फार मोठा आहे' एवढ्याच तक्रारीवर वेळ घालवू नका.

साम्य बघायचं ते दुसरीकडे. आपल्या 1995 च्या नियमांत नियम 2(ड) मध्ये 'समान वस्तू' कशाला म्हणायचं ते दिलंय: चौकशीतल्या मालाशी सर्व बाबतींत एकसारखी असलेली वस्तू, आणि तशी नसेल तर गुणधर्म जवळून जुळणारी दुसरी वस्तू. म्हणजे प्रश्न असा विचारला जातो: बाहेरून येणाऱ्या या मालाला जोड म्हणून देशी उत्पादकाने काही बनवलंय का? तुमच्या ग्रेडला जोडच नसेल, तर त्या ग्रेडच्या आयातीने देशी उद्योगाला झळ बसली असं म्हणायला आधार राहत नाही. वगळण्याची सगळी मागणी याच एका खुंटीवर टांगलेली असते.

पण 'जोड' कशी ठरते? उत्पादनप्रक्रिया, कच्चा माल, भौतिक-रासायनिक गुणधर्म, वापर, किंमत, विक्रीच्या वाटा, ग्राहक काय समजतो, हे सगळं बघितलं जातं. मात्र सुनावणीत शेवटी गाडी येते ती एकाच ठिकाणी: ग्राहक एकाच्या जागी दुसरं वापरतो का, तांत्रिक दृष्ट्या आणि व्यवहारात? सोडा ॲशचं उदाहरण सगळ्यांना माहीत असतं. लाइट आणि डेन्स. एक साबण-पावडरवाल्यांकडे जातो, दुसरा काचवाल्यांकडे. घनतेत जवळपास दुपटीचा फरक. तरी भारतातल्या चौकशीत दोन्ही एकाच उत्पादनात धरले गेले, कारण रेणू तोच, आणि फरक मुख्यतः घनतेचा.

वापर वेगळा म्हणजे उत्पादन वेगळं, असंही होत नाही. आपल्याकडचंच बघा. तासगाव भागात द्राक्षं बेदाण्यासाठी बुडवायला डिपिंग ऑइलबरोबर पोटॅशियम कार्बोनेट वापरतात. तेच पोटॅशियम कार्बोनेट काचेत जातं, कोको प्रक्रियेत जातं. शेडवाला आणि काचकारखाना यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही, पण पोतं एकाच भट्टीतून निघालेलं असू शकतं. अशा वेळी 'आमचा वापर वेगळा' या वाक्याला अधिकाऱ्यांपुढे वजन नसतं. वजन कधी येतं? त्या वापरामुळे मालात असा काही गुण लागतो, जो देशी मालात नाही आणि आणताही येत नाही, हे दाखवता आलं तर.

आता तुमच्या प्रकरणाकडे. तुमचे दोन मुद्दे आहेत, बारीक पूड आणि कमी लोह. दोन्ही सारखे नाहीत.

बारीक पुडीचा मुद्दा एकटा लंगडा आहे. सुनावणीत अर्जदाराचा वकील पहिलाच प्रश्न टाकेल: "आमचा दाणेदार माल घ्या, पल्वरायझरमध्ये दळा. कुपवाडला दळून देणारे नाहीत का?" आहेत. मग तुम्ही म्हणाल खर्च येतो. तो म्हणेल, खर्च येतो म्हणजे शक्य आहे. संपला मुद्दा. कणांचा आकार हा फरक दळण्याने भरून निघणारा असेल तर त्याला वेगळं उत्पादन मानायला अधिकारी सहसा तयार होत नाहीत. दळताना ओलावा धरतो, ढेकळं होतात, उष्णतेने माल बिघडतो, स्फोटाचा धोका आहे, असं काही खरोखर असेल तर मात्र ते लिहा, चाचणीसकट.

लोहाचा मुद्दा मजबूत आहे, कारण दळून लोह कमी होत नाही. पण तो कसा मांडता यावर सगळं आहे. "देशी मालाची क्वालिटी खराब" असं लिहिलंत की मुद्दा गेलाच. गुणवत्तेतल्या निव्वळ फरकाने समान वस्तू असमान होत नाही, ही भूमिका निष्कर्षांमध्ये पुन्हा पुन्हा आलेली आहे. "आमच्या प्रक्रियेत लोह अमुक पीपीएमच्या वर गेलं की तयार माल ग्राहकाच्या रंगाच्या स्पेसिफिकेशनमध्ये बसत नाही, आणि चौकशीच्या काळात अर्जदाराने या मर्यादेखालचा माल विकलेला नाही," हे वाक्य वेगळं. त्यात दोन दावे आहेत, आणि दोन्ही कागदाने सिद्ध होऊ शकतात. ('चौकशीचा काळ' म्हणजे चौकशी चालू असतानाचा नव्हे, तर ज्या मागच्या काळाची आकडेवारी तपासली जाते तो.)

पहिल्या दाव्यासाठी तुमच्या ग्राहकाचं स्पेसिफिकेशन, देशी माल वापरलेल्या बॅचचं बॅच कार्ड, नाकारलेल्या मालाची डेबिट नोट, दोन्ही मालांचे लॅब रिपोर्ट. तारखा महत्त्वाच्या. चौकशी सुरू झाल्यावर घाईघाईने घेतलेली ट्रायल आणि दोन वर्षांपूर्वी कोणी विचारलेलं नसताना घेतलेली ट्रायल, यांत दुसरीला किती तरी जास्त किंमत असते. रिजेक्शनची जुनी फाइल असेल तर ती सोन्यासारखी जपा.

दुसरा दावा सिद्ध करायचं ओझं अर्जदाराकडे ढकलता येतं. तो म्हणेल, "आम्ही हा ग्रेड बनवू शकतो." तुम्ही विचारायचं: चौकशीच्या कालावधीतलं व्यापारी प्रमाणातलं इन्व्हॉइस दाखवा. लॅबमध्ये काढलेला नमुना, वेबसाइटवरचं ब्रोशर, 'क्षमता आहे' असं पत्र, यांनी विक्री सिद्ध होत नाही. तुमच्या बाजूने, या ग्रेडबद्दल देशी कंपनीकडे केलेली विचारणा आणि तिचं उत्तर, किंवा उत्तर न येणं, हाही पुरावा आहे. आजवर कधी ईमेल पाठवला नसेल तर आज पाठवा. स्पेसिफिकेशन जोडा, महिन्याला लागणारे टन लिहा, किंमत आणि पुरवठ्याची तारीख विचारा. उशिरा पाठवलाय हे दिसेलच, पण त्याला 'हो, देतो' असं लेखी उत्तर आलं तर निदान तुम्हालाही कळेल की आपली बाजू कितपत टिकणारी आहे.

याच ठिकाणी माझ्या डोळ्यांदेखत एक चांगलं प्रकरण बुडालं. साताऱ्याकडचेच एक वापरकर्ते होते, कंपनीचं नाव सांगत नाही. त्यांची लेखी बाजू झकास होती: आयात ग्रेडला पर्याय नाही, देशी माल चालतच नाही. मग डीजीटीआरच्या प्रश्नावलीबरोबर खरेदीचं रजिस्टर जोडायचं आलं. रजिस्टरमध्ये काय, एप्रिलमध्ये आयात, मे-जूनमध्ये देशी, पुन्हा आयात, डॉलर वाढला की देशी, बंदरावर कंटेनर अडकला की देशी. आणि दोन्ही मालांचा एकच आयटम कोड, एकाच सायलोत उतरवलेला. समोरच्या वकिलाने फार काही बोललंच नाही, फक्त ते पान वर धरलं. वापरकर्त्यांनी नंतर सांगायचा प्रयत्न केला की देशी माल ते कमी महत्त्वाच्या उत्पादनाला वापरत होते. ते खरंही असेल, पण कागदावर कुठेच नव्हतं. म्हणून तुम्हाला सांगतो, वकिलाकडे जाण्याआधी स्टोअरवाल्याकडे जा. टॅली किंवा ईआरपीमध्ये दोन मालांचे कोड वेगळे आहेत का? इश्यू स्लिपवर कुठला माल कुठल्या उत्पादनाला गेला ते दिसतं का? दिसत असेल तर तुमचं निम्मं काम झालेलं आहे. दिसत नसेल तर 'पर्याय नाही' असं ठाम लिहू नका. 'अमुक उत्पादनासाठी पर्याय नाही' एवढंच लिहा, जेवढं सिद्ध करता येईल तेवढंच.

आता समजा तुमचं म्हणणं पटलं. तरी बऱ्याच मागण्या पुढच्या पायरीवर अडकतात, आणि याबद्दल कोणी फार बोलत नाही. वगळायचं म्हणजे एक वाक्य लिहायचं. ते वाक्य डीजीटीआरच्या निष्कर्षात जाणार, तिथून महसूल विभागाच्या अधिसूचनेतल्या तक्त्यात, म्हणजे वर्णनाच्या रकान्यात किंवा तळटीपेत. आणि ते वाक्य वापरणार कोण? न्हावा शेव्याला तुमचा कंटेनर तपासणारा अधिकारी. त्याला तुमची फॅक्टरी माहीत नाही, तुमचा ग्राहक माहीत नाही. त्याच्यासमोर बिल ऑफ एन्ट्री (आयातीचा कागद) आहे, सीओए (उत्पादकाचं विश्लेषण प्रमाणपत्र) आहे, आणि शंका आली तर नमुना काढून कस्टम्सच्या डीवायसीसी लॅबला पाठवायची सोय आहे. तुमचं वाक्य या तीन गोष्टींवर तपासता आलं पाहिजे.

म्हणून 'स्पेशालिटी ग्रेड वगळावा' हे निरुपयोगी. 'प्रीमियम', 'हाय प्युरिटी', 'फार्मा ग्रेड' हे शब्दही तसेच, उद्या कोणीही पोत्यावर छापेल. 'अमुक उद्योगाच्या वापरासाठी' असं लिहिलं तर आणखी गुंता: माल बंदरावर असताना वापर कसा दिसणार? मग विशिष्ट वापराच्या आयातीचे 2022 चे नियम, बाँड, हिशेब, तिमाही विवरणं असं सगळं मागे लागण्याची शक्यता. काही प्रकरणांत त्याला इलाज नसतो, पण छोट्या युनिटने तिकडे जाऊ नये असं माझं मत.

त्याऐवजी मापता येईल असं लिहा. समजा तुमच्या मालात लोह नेहमी 3-4 पीपीएम असतं, देशी मालात 20 च्या पुढे, आणि कण बहुतांश 45 मायक्रॉनच्या खाली. मग मागणी अशी करता येईल: 'लोहाचं प्रमाण 5 पीपीएम किंवा कमी, आणि किमान 95 टक्के कण 45 मायक्रॉनपेक्षा लहान, या दोन्ही अटी एकाच वेळी पूर्ण करणारा माल, उत्पादकाच्या बॅचनिहाय विश्लेषण प्रमाणपत्रासह.' आकडे उदाहरणादाखल आहेत, तुमचे तुम्ही भरा. भरताना गेल्या दोन-तीन वर्षांच्या सगळ्या सीओए समोर ठेवा आणि सगळ्यात वाईट बॅच बघा, सरासरी नको. मर्यादा इतकी घट्ट ठेवलीत की दहातली एक बॅच बाहेर पडते, तर पुढची पाच वर्षं दर दहाव्या कंटेनरला ड्यूटी भरत बसाल. चाचणीची पद्धतही लिहा. लोह कशाने मोजलं यावर एक-दोन पीपीएम इकडेतिकडे होतात, आणि वाद तिथेच उभा राहतो.

'दोन्ही अटी' यासाठी म्हटलं की समोरच्याची भीती समजून घ्यायला हवी. अर्जदाराच्या बाजूने बसलो असताना मी स्वतः रुंद स्कोपचा आग्रह धरलाय, आणि त्यात लबाडी नव्हती. ड्यूटी लागली की दुसऱ्या महिन्यापासून त्याच मालाची नवी नावं यायला लागतात. थोडी साखर मिसळली, थोडं पाणी, 'ब्लेंड' म्हणून उतरवलं. नियम 25 मध्ये अशा पळवाटेविरुद्ध तरतूद आहे, मालाचं नाव, वर्णन किंवा घडण बदलून ड्यूटी चुकवली तर ड्यूटी वाढवून लावता येते, पण ती नवी चौकशी, नवं वर्ष. त्यापेक्षा आधीच शब्दांनी दार बंद केलेलं बरं. अमेरिकेने 2009 मध्ये चीन आणि कॅनडाच्या सायट्रिक ॲसिडवर आदेश काढला, त्यात सगळे ग्रेड, सुकं आणि द्रावण घेतलंच, शिवाय साखरेसारख्या इतर घटकांबरोबरची मिश्रणंही घेतली, वजनाने 40 टक्के किंवा जास्त सायट्रिक ॲसिड किंवा त्याचे क्षार असतील तर. तो 40 चा आकडा म्हणजे अशाच भीतीचं उत्तर. म्हणून तुमचं वाक्य वाचल्यावर अर्जदाराला वाटलं पाहिजे की यातून एकच छोटी वाट उघडते, अख्खा बाजार निसटत नाही. कमी लोहाचा माल बनवायला महाग पडत असेल तर तेही सांगा. महाग मालाच्या नावाखाली स्वस्त माल आणण्यात कोणाला फायदा नाही, हे पटवायला सोपं जातं.

आणि यातूनच एक व्यवहाराची गोष्ट: अर्जदार कंपनीशी बोला. लोकांना वाटतं तो शत्रू आहे. पण जो ग्रेड तो बनवत नाही आणि नजीकच्या काळात बनवणार नाही, त्यासाठी भांडण्यात त्याला रस नसतो. नीट मापलेलं वाक्य समोर ठेवलं तर कधीकधी तो लेखी 'हरकत नाही' देतो, आणि तसं झालं तर काम फारच हलकं होतं. पुढच्या वर्षी तो ग्रेड आणणार असेल तर मात्र तो ऐकणार नाही, आणि खरं सांगायचं तर त्याच्या जागी मीही ऐकलं नसतं.

सगळं करूनही वगळलं गेलं नाही तर? इथे पीसीएन येतो. मालाचे प्रकार पाडून प्रत्येकाला एक संकेत द्यायचा आणि किंमतीची तुलना प्रकाराप्रकारांत करायची, अशी ही पद्धत. तुमचा महाग ग्रेड आणि साधा दाणेदार माल एकाच ढिगात टाकून सरासरी काढली, तर सगळी तुलना तिरकी होते. लोहाच्या मर्यादेवर वेगळा पीसीएन मागा. द्रावणांत आणि हायड्रेटमध्ये तर हे अत्यावश्यक असतं. सायट्रिक मोनोहायड्रेटच्या टनात साडेआठ टक्क्यांच्या आसपास नुसतं पाणीच असतं. कॉस्टिक लायमध्ये, म्हणजे कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात, निम्म्याहून जास्त पाणी, म्हणून तिथे सगळा हिशेब कोरड्या टनावर करतात. लायचा टँकर आणि फ्लेक्सचं पोतं यांची टनाला टन तुलना कोणी केली तर आकडे हवे तसे वळवता येतील. बरेच वापरकर्ते वगळण्याच्या मागणीवर सगळा भर देतात आणि पीसीएनवर गप्प बसतात. मी दोन्ही मागण्या एकाच पत्रात घालतो: मुख्य मागणी वगळण्याची, ती मान्य न झाल्यास वेगळ्या पीसीएनची. पीसीएनचा फायदा मात्र तुमचा चिनी पुरवठादार चौकशीत सामील होऊन आपली आकडेवारी देत असेल तरच पुरता मिळतो. त्याला आजच विचारा. तो गप्प बसला तर त्याला तक्त्यातल्या 'इतर कोणताही उत्पादक' या ओळीतला दर लागेल, आणि तो सहसा सगळ्यात चढा असतो.

'ग्रेड वेगळे' म्हणजे 'उत्पादन वेगळं' असं अधिकाऱ्यांनी मानलं की निकाल कसा फिरतो, याचं मला आवडणारं उदाहरण अमेरिकेतल्या शीतकरण वायूंचं आहे. चीनच्या एचएफसीवरच्या 2016 च्या प्रकरणात तिथल्या आयोगाने मिश्रणं आणि त्यांचे घटक वायू ही दोन वेगळी उत्पादनं मानली. मिश्रणांच्या उद्योगाला हानी झाली असं ठरलं, घटकांच्या बाबतीत नाही. सगळं एकच धरलं असतं तर हानीचा विचारही एकत्रच झाला असता. आपल्याकडची पद्धत वेगळी आहे, एका चौकशीत असं फोडून बघायला डीजीटीआर सहसा उत्सुक नसतं, पण हानीचं गणित व्याख्येच्या रेघेवर किती अवलंबून असतं ते यातून दिसतं.

मुदती थोडक्यात. व्याप्ती आणि पीसीएनवर म्हणणं मांडायला नोटिशीपासून साधारण 15 दिवस मिळतात, प्रश्नावलीला 30. नेमके दिवस तुमच्या नोटिशीत वाचा. पहिली मुदत लोक हमखास चुकवतात, कारण त्यांना वाटतं सुनावणीत बोलू. सुनावणीपर्यंत पीयूसी आणि पीसीएन ठरून गेलेले असतात, मग तुमचा मुद्दा ऐकला जातो पण त्याने फार काही हलत नाही. प्रत्येक पत्राच्या दोन प्रती, गोपनीय आणि अगोपनीय. किमती-ग्राहक झाकायचे, पण अगोपनीय प्रतीत सारांश कळेल एवढं ठेवायचं, नाहीतर ती नाकारली जाऊ शकते. तुम्ही थेट आयात करता, तेव्हा 'आयातदार' म्हणून तुम्ही हितसंबंधी पक्ष आहात. भिवंडीच्या व्यापाऱ्याकडून घेणाऱ्यांना औद्योगिक वापरकर्ता म्हणून म्हणणं मांडता येतं.

काही गोष्टी मात्र परिस्थितीवर आहेत. तुमचा बराच माल निर्यातीला जात असेल आणि ॲडव्हान्स ऑथरायझेशनवर (निर्यातीच्या मालासाठी लागणारा कच्चा माल शुल्कमुक्त आणायचा परवाना) आयात करता येत असेल, तर त्या मालापुरती ड्यूटी लागत नाही. मग वगळण्यासाठी किती खर्च करायचा याचा वेगळा विचार करा. ड्यूटी टनाला ठरावीक डॉलर अशी लागली तर महाग ग्रेडला टक्क्यांत ती कमी बसते. कधीकधी आकडेमोड केल्यावर असंही निघतं की भांडण्याइतकं त्यात काही नाही. तीही आकडेमोड आधीच करा. डीजीटीआर फक्त शिफारस करतं, ड्यूटी लावायची की नाही हे अर्थ मंत्रालय ठरवतं, आणि अलीकडच्या वर्षांत बऱ्याच शिफारशी तिथे थांबलेल्याही आहेत. पण त्या आशेवर 15 दिवस वाया घालवू नका. ड्यूटी लागून गेल्यावर व्याप्तीपुरता मध्यावधी आढावा मागता येतो. तो लांबचा रस्ता आहे, आणि तोवर भरलेली ड्यूटी तुमच्या मार्जिनमधूनच गेलेली असते.

वकिलाच्या फीची काळजी असेल तर तुमच्यासारखे आणखी कोण हा ग्रेड आणतात ते शोधा. सांगली-मिरज-कुपवाडात नाही तर पुणे, अंबरनाथ, वापी इथे असतीलच. चार-पाच जणांनी मिळून एक पत्र दिलं तर खर्च वाटला जातो, आणि एका युनिटच्या पत्रापेक्षा त्याकडे जास्त लक्ष जातं. फक्त पाचही जणांचं स्पेसिफिकेशन एकच असू द्या. एकाने 5 पीपीएम आणि दुसऱ्याने 10 लिहिलं की अर्जदार दोघांनाही एकमेकांविरुद्ध वापरतो.

नोटिशीतला वर्णनाचा परिच्छेद जसाच्या तसा इथे टाका, तो राजपत्रात छापलेला आहे, त्यात लपवण्यासारखं काही नाही. रसायनाचं नाव हवं तर झाका. आणि चौकशीचा कालावधी कुठून कुठपर्यंत आहे तेही लिहा. त्या काळात तुम्ही देशी माल किती वेळा घेतलात, यावर पुढचं सगळं अवलंबून आहे.